अर्ज नेमका अडतो कुठे? तपासणी-तक्त्याच्या कामाच्या नोंदी

५ जानेवारी

आजपासून नोंदी सुरू. काम असं: अर्जामागून अर्ज करूनही मुलाखतीचं बोलावणं येत नाही, अशा माणसाला आपलं आपण तपासता येईल असा एक तक्ता बनवायचा. नोकरी लावून देणं किंवा रेझ्युमे लिहून देणं यात बसत नाही. अर्ज कुठल्या टप्प्यावर पडला, एवढंच शोधायचं.

आम्ही तिघं आहोत: मी, सॉफ्टवेअरमधला एक मित्र आणि भरतीच्या कामात बरीच वर्षं काढलेल्या मॅडम. ज्यांनी आपले अर्ज तपासायला दिलेत त्यांची नावं इथे येणार नाहीत. कामावरूनच उल्लेख करू: टेस्टर, लेखापाल बाई, गोदामवाले, डिझायनर.

पहिल्याच बैठकीत मॅडमनी टप्पे सांगितले. जागा मुळात खरी होती का? फॉर्ममधल्या प्रश्नांनीच बाहेर काढलं का? सिस्टिमला, म्हणजे कंपनीकडे आलेले अर्ज साठवणाऱ्या आणि चाळणाऱ्या सॉफ्टवेअरला, कागद नीट वाचता आला का? माणसाने तो उघडला का? उघडून बाजूला ठेवला, तर कशामुळे? अर्जदाराला यातलं काहीच दिसत नाही. पाचही ठिकाणी पडलं तरी त्याच्या वाट्याला येतं ते तेच: उत्तर नाही. मग हाताशी असलेली एकच गोष्ट तो बदलत राहतो, ती म्हणजे रेझ्युमेचं टेम्प्लेट.

६ जानेवारी

सुरुवातीलाच खोळंबा. अर्ज सगळ्यांकडे आहेत, जाहिराती कोणाकडेच नाहीत. पोर्टलवरून जाहिरात उतरली की मजकूरही जातो. कशाला उत्तर दिलं होतं हेच माहीत नसेल तर उत्तर बरोबर की चूक ते कसं सांगणार? तक्त्यातली पहिली सूचना ठरली: अप्लाय करण्याआधी जाहिरातीचा पूर्ण मजकूर, तारखेसकट, स्वतःकडे उतरवून ठेवा. स्क्रीनशॉट नको, मजकूरच हवा, म्हणजे पुढे शोधता येतो.

९ जानेवारी

किती अर्जांना बोलावणं येणं ‘साधारण’ मानायचं, यावर अख्खी संध्याकाळ गेली. लोकांचा अंदाज फार आशावादी असतो. दहा अर्ज गेले आणि फोन आला नाही की ‘माझ्यात काहीतरी कमी आहे’ इथपर्यंत गाडी पोचते.

ताडून पाहायला एक चांगला प्रयोग आहे. मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लाइनाथन यांनी बॉस्टन आणि शिकागोमधल्या जाहिरातींना सुमारे ५,००० बनावट अर्ज पाठवले होते. निष्कर्ष २००४ मध्ये छापून आले. त्यांचा मूळ प्रश्न वेगळा होता, त्यावर पुढे येईनच. आज मला हवा होता तो एकूण आकडा. जागेला जुळतील असे बेतलेले अर्ज, आणि तरी उत्तर आलं ते शंभरातल्या साधारण आठांना.

हाच दर धरून हिशेब केला. काहीही न चुकता केलेल्या दहा अर्जांपैकी एकालाही उत्तर न येण्याची शक्यता सुमारे ४३ टक्के निघते. वीस अर्जांना ती १९ टक्के, तीसला ८ टक्के आणि चाळीसला जेमतेम साडेतीन. म्हणजे दहा अर्जांच्या शांततेतून जवळजवळ काहीच कळत नाही. चाळीसांना एकही उत्तर नसेल तर मात्र कुठेतरी पाणी मुरतंय. दर देशाप्रमाणे आणि क्षेत्राप्रमाणे बदलेल हे उघड आहे. तक्त्यात आकड्यांऐवजी तीन पट्टे ठेवू: ‘अजून काही सांगता येत नाही’, ‘लक्ष ठेवा’, ‘थांबा आणि तपासा’.

मित्राचं म्हणणं, हे वाचून लोक नुसतेच आणखी अर्ज करत सुटतील. असू दे. निदान आठव्या अर्जाला करिअर बदलायला निघणार नाहीत.

१२ जानेवारी

आज डिझायनरचा रेझ्युमे. दिसायला देखणा: दोन स्तंभ, डावीकडे रंगीत पट्टी, कौशल्यापुढे पाच ठिपके आणि त्यातले चार भरलेले. मित्राने पीडीएफ उघडलं, सगळा मजकूर निवडला आणि साध्या नोटपॅडमध्ये चिकटवला. पडलं ते असं:

‘फोटोशॉप सिनियर डिझायनर इलस्ट्रेटर २०१९ पासून ब्रँडिंग आणि इनडिझाइन पॅकेजिंग’

दोन्ही स्तंभांच्या ओळी एकमेकींत घुसल्या. ठिपके गायब. फोन नंबर पानाच्या हेडरमध्ये होता, तो या खिचडीत आलाच नाही. सगळ्यात मजा आली ती एका इंग्रजी शब्दाची. ‘सर्टिफाइड’ या शब्दातली एफ आणि आय ही अक्षरं फॉन्टने जोडून एकच आकृती केली होती. चिकटवल्यावर तिथे नुसती मोकळी जागा. डोळ्यांना शब्द अख्खा दिसतो, पण शोधला तर सापडत नाही.

मॅडमनी मात्र लगेच लगाम घातला. “हे बघून घाबरवू नका कोणाला. बऱ्याच सिस्टिम आता दोन स्तंभ वाचतात, आणि मी तरी शेवटी मूळ पीडीएफच उघडायचे. नुकसान होतं ते शोधताना. चारशे अर्जांत मी ‘पॅकेजिंग’ टाकून शोधलं आणि तुमचा मजकूर तुटलेला असला, तर तुम्ही यादीत येतच नाही. मी तुम्हाला नाकारलेलं नसतं, मला तुम्ही दिसलेलाच नसता.”

तक्त्यात नोटपॅडची कसोटी घेतली. एक स्तंभ, संपर्क पानाच्या मुख्य भागात, स्कॅन केलेलं चित्र पाठवायचं नाही, महिना-वर्ष सगळीकडे एकाच पद्धतीने. डिझायनरला देखणी प्रत टाकून द्यायला सांगितलेलं नाही. ती पोर्टफोलिओत राहील.

१३ जानेवारी

‘७५ टक्के रेझ्युमे संगणकच नाकारतो’ हे वाक्य मित्राने मसुद्यात घातलं होतं, ते काढलं. जिथे तिथे वाचायला मिळतं, पण त्यामागचा अभ्यास कोणी दाखवत नाही. आणि ते सांगणारे बहुतेक वेळा रेझ्युमे ‘दुरुस्त’ करून विकणारे असतात. ‘रिक्रूटर सहा सेकंदच बघतो’ याला निदान काही बूड आहे: एका नोकरीच्या संकेतस्थळाने २०१२ मध्ये ३० रिक्रूटरांच्या नजरेचा माग घेतला होता. नमुना लहान. पहिल्या नजरेत नाव, हुद्दा, कंपनी, तारखा आणि शिक्षण एवढंच टिपलं जातं, हे मॅडमच्या अनुभवाशी जुळतं. सेकंदांचा आकडा तक्त्यात नको.

१७ जानेवारी

टेस्टरची गोष्ट. रात्री उशिरा अर्ज भरला आणि पाणी पिऊन परत येईपर्यंत नकाराची मेल हजर. त्याची समजूत अशी की ‘एआय’ने रेझ्युमे वाचून टाकाऊ ठरवला.

आम्ही त्याच्याकडून फॉर्म पुन्हा आठवून घेतला. एक प्रश्न होता: ऑटोमेशन टेस्टिंगचा अनुभव किती वर्षं? चौकटीत पूर्णांकच चालत होता. त्याचा अनुभव दोन वर्षं दहा महिने. त्याने प्रामाणिकपणे ‘२’ टाकलं. जाहिरातीत किमान ३ हवी होती.

मॅडमच्या भाषेत हे ‘नॉकआउट प्रश्न’. जाहिरात टाकतानाच ते ठरवतात आणि उत्तर अटीत बसलं नाही तर सिस्टिम आपोआप बाहेर काढते. रेझ्युमे उघडण्याची वेळच येत नाही. नोटीस पिरियड, अपेक्षित पगार, कामाचा परवाना, राहण्याचं ठिकाण, वर्षं. खरा स्वयंचलित नकार बहुतेक वेळा इतका साधा असतो, आणि फॉर्म भरताना लोक हेच रकाने कंटाळून भरतात. काही जण तर नोटीस पिरियडपुढे यादीतला पहिला पर्याय जसाच्या तसा सोडतात.

दोन वर्षं दहा महिन्यांचं काय लिहायचं, यावर आमच्यात जुंपली. मित्र म्हणतो ‘३’ हा राउंडिंगचा भाग आहे. मला ते पटत नाही. अट ‘किमान’ अशी आहे. मॅडम म्हणाल्या, “रेझ्युमेत तारखा खऱ्या असतील तर ‘३’ टाकल्याबद्दल मी कुणाला खोटारडा म्हटलं नसतं. पण दीड वर्षाचे तीन केलेत तर पहिल्या फोनवरच संपलं.” तक्त्यात उत्तर देत नाही. फक्त विचारतो: जाहिरातीतल्या ‘आवश्यक’ अटींपैकी फॉर्मने विचारलेली कुठली, आणि तुम्ही काय भरलंत?

मेल किती वेळाने आली हाही धागा उपयोगी. काही मिनिटांत नकार आला तर संशय या प्रश्नांवर घ्यावा. उलट मात्र खरं नाही. नकाराची मेल मुद्दाम काही दिवस थांबवून पाठवायची सोय अनेक सिस्टिममध्ये असते, त्यामुळे उशिरा आलेला नकार माणसानेच दिला असं म्हणता येत नाही.

२० जानेवारी

मॅडमना त्यांचा जुना दिवस विचारला. जाहिरात लागली की पहिल्या दोन-तीन दिवसांतच रांग भरते. त्या आलेल्या क्रमाने किंवा सिस्टिमने लावलेल्या क्रमाने उघडत जायच्या. उद्दिष्ट ‘सर्वांत योग्य माणूस शोधणं’ हे नसायचंच. हायरिंग मॅनेजरकडे पाठवण्याजोगी आठ-दहा नावं झाली की हात थांबायचा. उरलेले अर्ज ‘नवीन’ या खान्यात न उघडता पडून राहायचे. जागा भरली की सगळे एकदम निवडायचे आणि एका क्लिकमध्ये नकार. ‘आपल्या अर्जाचा काळजीपूर्वक विचार केला’ ही मेल न उघडलेल्यांनाही जाते.

हे ऐकून लेखापाल बाई बराच वेळ गप्प होत्या, मग हसल्या. त्या मेलमधलं प्रत्येक वाक्य त्यांनी मनाला लावून घेतलं होतं.

यातून तक्त्यात एक रकाना आला: जाहिरात लागल्यावर किती दिवसांनी अर्ज केला? एका क्लिकचे अर्ज आणि यंत्राने लिहिलेली पत्रं यामुळे रांगा फुगल्यात, तेव्हा हा रकाना आता जास्तच महत्त्वाचा. रविवारी बसून आठवड्याभराच्या जाहिरातींना एकदम अप्लाय करणं सोयीचं वाटतं, पण तोवर वरची नावं निघून गेलेली असू शकतात.

२४ जानेवारी

गोदामवाल्यांच्या रेझ्युमेतली एक ओळ घेऊन बसलो. मूळ ओळ:

‘स्टॉक मॅनेजमेंट, इन्व्हेंटरी कंट्रोल व टीम हाताळण्याची जबाबदारी.’

जाहिरातीत मागितलं होतं: सायकल काउंट (साठ्याचा थोडा थोडा भाग आळीपाळीने मोजणं), मालातल्या तफावतींचा शोध, ईआरपीतल्या नोंदी (ईआरपी म्हणजे कंपनीचा माल आणि हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर; एसएपी त्यातलंच एक). त्यांना विचारलं, सायकल काउंट करायचात का? “दर आठवड्याला करायचो की. त्यात लिहायचं काय?” तफावत आली तर? “मग बिन, म्हणजे रॅकमधला मालाचा खण, तपासायचा, आवक-जावक बघायची, चुकीच्या रॅकला गेलाय का ते शोधायचं आणि एसएपीत दुरुस्ती टाकायची.”

हे सगळं माणसाच्या तोंडात आहे, कागदावर नाही. जबाबदारी काय होती ते लिहिलंय, हाताने काय केलं ते नाही. नवी ओळ त्यांच्याच शब्दांत:

‘दर आठवड्याला ठरलेल्या रॅकचं सायकल काउंट, प्रत्यक्ष माल आणि सिस्टिममधला आकडा यांतली तफावत शोधून एसएपीत दुरुस्तीची नोंद.’

मित्राला पुढे ‘तफावत ३० टक्क्यांनी कमी केली’ असं काहीतरी हवं होतं. असा आकडा गोदामवाल्यांनी कधी मोजलेला नाही, तेव्हा तो लिहायचा नाही. आकडे घाला हा सल्ला ऐकून लोक आकडे शिजवतात, आणि मुलाखतीत ‘कसं मोजलंत?’ या एका प्रश्नाला ततपप होते.

दुसरी गोष्ट हुद्द्याची. त्यांच्या पत्रावर ‘असिस्टंट ऑपरेशन्स, ग्रेड २’ आहे. हे शोधणार कोण? अधिकृत हुद्दा तसाच ठेवून शेजारी ‘गोदाम व साठा नियंत्रण’ असं काम लिहिलं. हुद्दा बदलायचा नाही. पडताळणीत अंगाशी येतं.

जाहिरातीतले शब्द जसेच्या तसे पांढऱ्या अक्षरांत लपवण्याची युक्ती अजूनही कोणी कोणी सुचवतं. नोटपॅडमध्ये चिकटवलं की ते लख्ख उघडं पडतं. सोडून दिलं.

२ फेब्रुवारी

लेखापाल बाईंचा खंड. घरच्या आजारपणासाठी नोकरी सोडली, वर्षाहून अधिक काळ गेला. त्यांना वाटतं हेच कारण. असू शकतं.

क्रॉफ्ट, लांगे आणि नोटोविडिग्डो यांनी अमेरिकेतल्या १०० शहरांत सुमारे १२,००० बनावट अर्ज पाठवून हेच पाहिलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं. बेकारीचा काळ वाढतो तशी बोलावणी घटतात. घट मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांत होते, पुढे ती जवळपास स्थिरावते. आणि एक बारकावा: जिथे रोजगाराची स्थिती बरी, तिथे खंडाचा फटका जास्त. जिथे सगळेच घरी बसलेत तिथे खंड कोणाला खुपत नाही. जिथे कामं मिळतायत तिथे ‘हिला का मिळालं नाही?’ हा प्रश्न उभा राहतो.

हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि ॲक्सेंचर यांच्या सप्टेंबर २०२१ च्या अहवालात अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतले भरती ठरवणारे अधिकारीच कबूल करतात की अटींत अचूक न बसल्यामुळे लायक उमेदवार त्यांच्याच सिस्टिममधून गळतात. उच्च कौशल्याच्या जागांबाबत असं म्हणणारे ८८ टक्के. सहा महिन्यांहून मोठ्या खंडावर चाळणी लावणाऱ्या कंपन्या जवळपास निम्म्या.

मग बाईंनी काय करायचं? खंड लपवून वर्षंच फक्त लिहिली तर तारखांचा रकाना भरताना पकडलं जातंच. आम्ही खंडाला एक ओळ दिली: काळ, एका शब्दात कारण, आणि त्या काळात केलेलं एका ओळखीच्या व्यवसायाचं विवरणपत्रांचं काम. ते काम त्यांनी लिहिलंच नव्हतं, कारण ‘पगार नव्हता’. फिल्टरपुढे ही ओळ काही करू शकत नाही. माणसापुढे करू शकते.

७ फेब्रुवारी

आजची नोंद जड आहे. बर्ट्रांड-मुल्लाइनाथन प्रयोगाचा मूळ प्रश्न नावाचा होता. तोच दर्जा, तसेच रेझ्युमे, फक्त नावं बदललेली. गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी भारतातल्या इंग्रजी वृत्तपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना याच पद्धतीने अर्ज पाठवले, निष्कर्ष २००७ चे. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला सकारात्मक उत्तर येण्याचं प्रमाण सुमारे ०.६७, मुस्लिम नावाला ०.३३.

यंत्राकडे सोपवलं म्हणून हे सुटत नाही. ॲमेझॉनने रेझ्युमेंना गुण देणारं एक साधन प्रयोगादाखल बनवलं होतं. आधीच्या दहा वर्षांतल्या, बहुतेक पुरुषांच्या, रेझ्युमेंवर ते शिकलं आणि ‘महिलांचा’ अशा अर्थाचा शब्द दिसला की गुण कापू लागलं. ते गुंडाळल्याची बातमी २०१८ मध्ये आली.

मित्र म्हणाला, तक्त्यात हे घालून उपयोग काय, अर्जदार नाव थोडंच बदलणार? माझं मत उलट आहे. सगळे टप्पे तपासून काही सापडलं नाही, तर तक्त्याने ‘तुमच्या कागदात दोष आढळला नाही’ असं स्पष्ट म्हणायला हवं. नाहीतर आपण दुसऱ्याचा दोष याच्या गळ्यात बांधतो. मॅडमनी माझी बाजू घेतली. वाक्य राहिलं.

१० फेब्रुवारी

छोटी पण महत्त्वाची नोंद. टेस्टरच्या स्पॅम फोल्डरमध्ये पहिल्या फेरीची ऑनलाइन परीक्षा देण्याची मेल निघाली, मुदत कधीच टळलेली. शिवाय अनोळखी नंबर आपोआप गप्प करणारी सेटिंग त्याच्या फोनवर चालू. रिक्रूटर एकदा फोन लावते, उचलला नाही तर यादीतला पुढचा नंबर. तक्त्यात हे थेट दुसऱ्या क्रमांकावर.

१४ फेब्रुवारी

ओळखीचा मुद्दा. मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७३ च्या लेखात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं होतं की त्या व्यक्तीशी भेट किती वेळा व्हायची. वारंवार म्हणणारे १६.७ टक्के, अधूनमधून ५५.६, क्वचित २७.८. लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवरच्या प्रयोगांतूनही २०२२ मध्ये तेच दिसलं, थोड्या फरकाने: अगदी जवळच्यांपेक्षा मध्यम-दूरच्या ओळखी जास्त कामी येतात. जवळच्यांना कळतं ते बहुधा आपल्यालाही कळलेलं असतं.

लेखापाल बाई म्हणाल्या, कुणापुढे हात पसरायला नको वाटतं. मॅडम: “नोकरी मागू नका. जागा खरंच उघडी आहे का आणि टीमला नक्की काय हवंय, एवढंच विचारा. त्याला कोणी नाही म्हणत नाही.” याने मेलेल्या जाहिरातींचाही प्रश्न बराचसा सुटतो: आतला माणूस आधीच ठरलेला पण नियम म्हणून लावलेली, बजेट थांबलेलं पण उतरवायची राहिलेली, पुढेमागे लागतील म्हणून नुसती नावं गोळा करणारी. बाहेरून खूण म्हणजे तीच जाहिरात महिनोन् महिने नव्या तारखेने येत राहणं आणि कंपनीच्या स्वतःच्या पानावर तिचा पत्ता नसणं.

२१ फेब्रुवारी

तक्त्याची पहिली प्रत एका पानावर बसली. क्रम असा: जाहिरातीची प्रत, स्पॅम आणि फोन, एकूण अर्जांचा पट्टा, जागा जिवंत आहे का, फॉर्ममधले प्रश्न, अर्जाचा दिवस, नोटपॅड, आणि मग कुठे रेझ्युमेतल्या ओळी. सुरुवातीच्या मसुद्यात रेझ्युमे सगळ्यात वर होता.

बाकी कामं: नोटपॅडच्या पायरीला चित्र जोडायचं, ते मित्राकडे. टेस्टर फॉर्ममधल्या प्रश्नांची यादी वाढवतोय. गोदामवाल्यांनी दोन नव्या जाहिराती पाठवल्यात. एकीत सायकल काउंटपासून पाळीच्या वेळेपर्यंत सगळं आहे, तिला त्यांनी आजच अप्लाय केलं. दुसरीत ‘डायनॅमिक आणि गो-गेटर व्यक्ती हवी’ यापलीकडे अक्षर नाही. तिच्याशी काय जुळवायचं ते मॅडमना विचारायचंय.